फ्लॅटचा नंबर लेकीच्या वाढदिवसाशी जुळला, मग घर तेच घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई ४३ वर्षांच्या आहेत. डोंबिवलीत भाड्याच्या घरात राहतात, नोकरीला मुंबईत जातात. दीड वर्षापूर्वी एका आजारपणातून उठल्यावर त्यांनी वही घातली. दिवसभरात जे बरं घडलं ते रात्री लिहायचं. गर्दीच्या गाडीत चौथी सीट (तिघींच्या बाकावर कडेला टेकायची जागा) मिळाली, ७:५२ ची लोकल पकडली, सिलिंडर स्वयंपाक उरकल्यावरच संपला, एकवीस मोदकांतला एकही फुटला नाही. वहीने बरं वाटत गेलं. हळूहळू मात्र तिच्यात योगायोगच जास्त येऊ लागले आणि ज्या दिवशी लिहायला काही नसेल त्या रात्री हुरहूर लागू लागली.

सहा महिन्यांत त्यांनी चौदा फ्लॅट पाहिले. शेवटचा शिळ रस्त्याकडच्या, बांधकाम चालू असलेल्या एका संकुलातला, क्रमांक १४०७. लेकीचा वाढदिवस १४ जुलै. तिथल्या सॅम्पल फ्लॅटमध्ये बावीस वर्षांनी शाळेतली मैत्रीण भेटली. 'त्या दिवशी पाऊस होता, रिक्षा मिळायला अर्धा तास लागला, पण मिळाली तिच्यात बाबांचा आवडता अभंग लागला होता,' असं त्या लिहितात. यजमानांना मात्र स्टेशनपासून चालत बारा मिनिटांवरचा, जुन्या सोसायटीतला रीसेलचा फ्लॅट पसंत आहे. किंमत जवळपास तेवढीच. बुकिंगची रक्कम रविवारपर्यंत भरायची आहे. यजमान वहीची थट्टा करतात. नववीतली लेक 'लाल टोपणाचं पेन सापडलं की पेपर चांगला जातो' म्हणू लागली आहे. ताई विचारतात, 'एकाच दिवशी एवढं जुळून आलं, त्याला काहीच अर्थ नाही का? आणि वही बंद करू का?'

ताई,

वही बंद करू नका. बुकिंगची रक्कम मात्र या रविवारी भरू नका.

आधी १४०७ बघू, कारण सगळा भार त्या आकड्यावर आहे. टॉवरमध्ये फ्लॅटचा नंबर कसा पडतो? पुढे मजला, मागे त्या मजल्यावरचा क्रमांक. बावीस मजले आणि मजल्यावर आठ घरं धरली तर १०१ पासून २२०८ पर्यंत १७६ फ्लॅट होतात. आता यातला कुठलाही नंबर तारीख म्हणून वाचून बघा. ६०३ म्हणजे ६ मार्च, ११०५ म्हणजे ११ मे, २२०८ म्हणजे २२ ऑगस्ट. मजला २८ च्या आत आणि क्रमांक १२ च्या आत असला की प्रत्येक दार ही एक तारीखच असते. त्या टॉवरमध्ये तारीख नसलेला एकही फ्लॅट नाही.

तुमच्या जवळच्या तारखा किती? तुम्ही, यजमान, लेक, दोन्हीकडचे आईवडील, भावंडं, लग्नाचा वाढदिवस. सहज दहा होतात. म्हणजे कुठल्याही एका फ्लॅटचा नंबर यांपैकी एखाद्या तारखेशी जुळण्याची शक्यता ३६५ मध्ये १०, अदमासे ३७ त एक. एवढं ऐकलं तर दुर्मीळ वाटेल, पण तुम्ही पाहिलेत चौदा. चौदांपैकी एकही न जुळण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के, निदान एक जुळण्याची ३२ टक्के. तुमच्यासारखी घर शोधत फिरणारी कुटुंबं घेतली, तर सरासरी तिनांतल्या एकाला असा फ्लॅट भेटतो. शिवाय यात स्कूटरचा नंबर, माहेरचा घर नंबर, मोबाइलचे शेवटचे चार आकडे आणि 'बेरीज तीन येते' हे धरलेलंच नाही. ते धरलं तर न जुळणारा फ्लॅट शोधायला कष्ट पडतील.

तुमच्या डब्यातलंच उदाहरण घ्या. लेडीज डब्यातल्या गटात एकाच दिवशी दोघींचा वाढदिवस निघाला की केवढा आरडाओरडा होतो. गटात २३ जणी असल्या तर असं होण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त, ५०.७ टक्के असते. मन 'माझ्याशी कुणाची तारीख जुळते' असा हिशेब करतं. प्रत्यक्षात २३ जणींच्या २५३ जोड्या होतात आणि त्यातली कुठलीही चालते. केंब्रिजचे गणिती जॉन लिटलवुड यांच्या नावाने असाच एक हिशेब सांगतात. माणूस दिवसाचे आठ तास नीट जागा आणि भानावर आहे, दर सेकंदाला त्याच्यासमोर काहीतरी घडतं, म्हणजे दिवसाला २८,८०० घटना. ३५ दिवसांत दहा लाख भरतात. दहा लाखांत एकदा घडणारी गोष्ट महिन्याकाठी प्रत्येकाच्या वाट्याला येते ती अशी. तुमच्या वाट्याला जास्त येतात, कारण तुम्ही वही घेऊन बसलेल्या आहात.

याचा अर्थ १४०७ बघून तुम्हाला झालेला आनंद खोटा, असं नाही. लेकीची तारीख दारावर दिसली तर कुणालाही भरून येईल. आनंद खराच असतो. त्याच्यातून निर्णय काढायचा का, हा प्रश्न वेगळा आहे.

तुम्ही 'कौल मिळाला' असा शब्द वापरला आहे, म्हणून थोडं त्याच्याविषयी. कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा काय होतं? आधी गाऱ्हाणं घालून प्रश्न नेमका मांडतात. पाकळ्या किंवा तांदूळ देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना लावतात. मग वाट बघतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, आणि नकार आला तर तो घेऊन घरी जावं लागतं. आपला 'बोलाफुलाला गाठ पडली' हा वाक्प्रचार, त्यातलं फूल हे कौलाचंच. कौलावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण त्याला शिस्त आहे. प्रश्न आधी, उत्तर नंतर, आणि डावी बाजू मोकळी. तुमच्या योगायोगांत या तिन्ही गोष्टी नाहीत. 'फ्लॅटचा नंबर लेकीच्या तारखेशी जुळला तरच घेईन' असं तुम्ही आधी ठरवलं नव्हतं. नंबर दिसला आणि मग तारीख आठवली. आणि तेरा फ्लॅटचे नंबर जुळले नाहीत, ते डावे कौल होते असं कुणी लिहून ठेवलं नाही.

एक डावा कौल तर तुमच्या पत्रातच आहे. 'रिक्षा मिळायला अर्धा तास लागला.' हे वाक्य तुम्ही अभंगाच्या आधी ओझरतं लिहिलंत आणि पुढे गेलात. त्या अख्ख्या दिवसात घराविषयी काही सांगणारी गोष्ट तेवढी एकच होती. अभंग रिक्षावाल्याच्या आवडीचा होता, नंबर बिल्डरच्या पद्धतीचा होता. अर्धा तास मात्र त्या जागेचा आहे. तो जून ते सप्टेंबर, संध्याकाळी दमून उतरल्यावर, पुन्हा पुन्हा येणार आहे. चांगला मुहूर्त मानला की आड येणारं काहीच दिसत नाही, त्यातला हा प्रकार.

(गंमत अशी की वाईट घडलं की आपण लगेच 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली' म्हणून कावळ्याला सोडवतो. चांगलं घडलं की त्याच कावळ्याची पूजा करतो.)

आता वही. चौथी सीट, गॅस, ७:५२, मोदक आणि १४०७ हे सगळं तुम्ही एकाच यादीत एकाखाली एक लिहिता. ही दोन वेगळी खाती आहेत. एक 'जमलं', दुसरं 'जुळलं'. आजपासून पानावर मधोमध उभी रेघ मारा आणि डावीकडे जमलं, उजवीकडे जुळलं लिहा. कुठली नोंद कुठे, याची खूण सोपी आहे. 'उद्या पुन्हा करून दाखव' म्हटलं तर करता येईल का? येत असेल तर जमलं, नसेल तर जुळलं.

७:५२ चंच बघा. आदल्या रात्री भाजी चिरून ठेवली, डबा भरून ठेवला, म्हणून ७:३० ला घराबाहेर पडलात आणि गाडी मिळाली, तर ते जमलं. उशिरा पोचलात, पण गाडीच आठ मिनिटं लेट होती म्हणून मिळाली, तर ते जुळलं. वहीत दोन्हींची नोंद 'आज ७:५२ मिळाली' अशीच पडलेली असणार. सहा महिन्यांनी वाचताना कळणार नाही की तुमचं नियोजन सुधारलं की गाड्यांचं बिघडलं.

म्हणून 'जमलं'च्या प्रत्येक नोंदीपुढे एक ओळ 'का' लिहायची. मोदकांचं उदाहरण सगळ्यात चांगलं आहे. एकवीसातला एकही फुटला नाही हा योग नव्हे. उकड जमली होती. एक वाटी पिठीला एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर पिठी घालून ढवळली, झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं वाफ आणली. हाताला पाणी आणि तेल लावत गरम असतानाच मळली. मोदक फुटतात ते बहुतेक दोन कारणांनी. उकड गार होऊ दिली आणि मग मळायला घेतली, किंवा मळलेला गोळा उघडा राहून वरून सुकला, की कळ्या काढताना कडेला चिरा जातात. तुम्ही यातलं काय वेगळं केलंत? ओलं फडकं झाकलंत का? पिठी जुनी होती म्हणून दोन चमचे पाणी जास्त घातलंत का? ते लिहा. पुढच्या चतुर्थीला त्या एका ओळीचा उपयोग होईल.

'का' लिहिण्याला संशोधनाचाही आधार आहे. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याच प्रकारच्या वहीचा होता. आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली तेही लिहायचं. सहा महिन्यांनंतरही लोकांना फरक जाणवत होता. पुढे ही पद्धत सांगोवांगी पसरली तेव्हा तीन गोष्टी राहिल्या आणि कारण गळून पडलं.

रिकाम्या रात्रींची हुरहूर ही रोजच्या सक्तीची देणगी आहे. रोज लिहायचंच म्हटलं की वही परीक्षा होते, आणि मग पान भरायला चौथी सीटही पुरते. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा चांगल्या गोष्टी मोजणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा मोजणाऱ्यांना दिसला नाही. तुम्ही रविवार रात्र ठरवा. जमलेल्या तीन गोष्टी कारणांसकट, जुळलेलं जे आठवेल ते एका ओळीत, पंधरा मिनिटांत वही बंद. आठवड्याने जे आठवतच नाही त्याने तसंही फार काही दिलेलं नसतं. आजारपणातून उठतानाच्या दिवसांत रोज लिहिणं बरोबर होतं, तेव्हा एकेक दिवस मोजायचाच होता. आता तुम्ही त्या टप्प्यावर नाही.

आणि एक महिनाभर, फक्त खात्री म्हणून, 'हुकलं' असंही एक पान ठेवा. पत्रात तुम्ही म्हणता की आईची आठवण आली की तिचा फोन येतोच. याचा चार घरांचा चौकोन आखा. आठवण आली आणि दहा मिनिटांत फोन आला. आठवण आली, फोन नाही. फोन आला, आठवण नव्हती. आठवणही नाही, फोनही नाही. चौथं घर भरता येत नाही, कारण जे घडलंच नाही त्याची नोंद कशी करणार. पण दुसरं आणि तिसरं भरता येतं. आठवण येताक्षणी मोबाइलमध्ये वेळ टाकायची, रात्री आठवून लिहायचं नाही. रात्रीपर्यंत नुसत्या आठवणी विसरतात आणि फोन आलेल्या तेवढ्या उरतात. लोक हे चार दिवस करतात आणि कंटाळून सोडतात. तीस दिवस नेटाने करा. आई रोज संध्याकाळी सातच्या सुमारास फोन करत असेल आणि तुम्हालाही तेव्हाच तिची आठवण येत असेल, तर तेही त्या वेळांवरून दिसेल.

मैत्रिणीच्या भेटीला मी थोडं जास्त वजन देईन, पण वेगळ्या कारणासाठी. ती भेट वाटते तितकी अवचित नाही. एकाच शाळेतल्या, एकाच वयाच्या, मुलं मोठी झालेल्या आणि एकाच बजेटमध्ये घर शोधणाऱ्या दोघी एकाच सॅम्पल फ्लॅटमध्ये भेटल्या, तर नवल कमी आणि भूगोल जास्त. पण तिच्यामुळे हाती काय आलं बघा. त्याच संकुलाची चौकशी करणारी, विश्वासाची बाई. तिला आजच फोन करा. तिला चौरस फुटाचा दर काय सांगितला, पार्किंगचे वेगळे किती, कुठल्या बँकेने प्रकल्पाला कर्ज मंजूर केलंय, ताब्याची तारीख काय सांगितली. दोघींना दोन वेगळी उत्तरं मिळाली असतील तर तिथेच पुष्कळ कळेल. योगायोगाचा उपयोग करायचा तो असा. त्याने दार उघडलं असेल तर आत जाऊन बघायचं.

यजमानांशी बोलताना १४०७ चं नावच काढू नका. त्यांनीही 'ही आणि तिची वही' म्हणायचं नाही. शनिवारी दोघांनी एका कागदावर दोन घरं 'अ' आणि 'ब' म्हणून मांडायची, नंबर आणि नाव न लिहिता. कार्पेट एरिया (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ), सगळा खर्च धरून किंमत, महिन्याचा मेंटेनन्स, ताबा कधी, दारापासून फलाटापर्यंत किती मिनिटं, पाणी किती वेळ. किमतीत एक गोष्ट हमखास विसरतात. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसत नसेल तर ५ टक्के. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत पूर्ण झाली, राहायला हरकत नाही असा दाखला) मिळालेल्या इमारतीतल्या रीसेलवर तो लागत नाही. शिवाय ताबा दीड-दोन वर्षांनी असेल तर तोवर भाडं आणि हप्ता दोन्ही चालू. 'किंमत जवळपास तेवढीच' हे तुमचं वाक्य या दोन रकमा मिळवल्यावर टिकतं का बघा.

फलाटापर्यंतची मिनिटं दलालाला विचारायची नाहीत, मोजायची. कामाच्या दिवशी, नेहमीच्या वेळेला, दोन्ही घरांपासून, तीन-तीन वेळा. एक फेरी पावसाच्या संध्याकाळी, स्टेशनकडून घराकडे. सरासरी काढू नका, तिन्हींतली सर्वांत वाईट वेळ लिहा. गाडी चुकते ती त्याच दिवशी.

नव्या प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घेऊन महारेराच्या (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर पूर्ण होण्याची तारीख, ती आधी किती वेळा पुढे गेली आणि काही दावे चालू आहेत का ते पाहा. नोंदणीकृत करार करण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही लक्षात असू द्या. जुन्या सोसायटीत मूळ शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला, आधीच्या सगळ्या खरेदींचे इंडेक्स टू (व्यवहार नोंदल्याचे सरकारी उतारे) आणि जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का हे विचारा. इमारत तीस वर्षांपुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. बाथरूमच्या खालच्या घरातल्याला 'गळतं का' असं विचारलंत तर अहवालात नसलेलंही कळेल. 'रविवारनंतर दर वाढेल' असं म्हणाले तर तेवढं लेखी मागा. बहुतेक वेळा ते लेखी येत नाही.

लेकीच्या पेनाला घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. १९४८ साली मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने आपोआप दाणे पडतील अशी सोय केली. पक्षी काय करतो याचा दाण्यांशी काही संबंध नव्हता. तरी आठांपैकी सहा पक्षी, दाणे पडले तेव्हा योगाने जी हालचाल चालू होती तीच पुन्हा पुन्हा करू लागले. कुणी गोल फिरायचं, कुणी मान हलवायचं. पेन हरवलं त्या दिवशी पेपर लिहिताना हात थरथरतो, खरा तोटा तो. त्यासाठी सरावाच्या पेपरांत आळीपाळीने वेगवेगळी पेनं वापरायला द्या आणि गुणांशेजारी पेनाचा रंग तिलाच लिहू दे. दहा पेपरांत तिचं तिला दिसेल. पेन काढून घेऊ नका, नाहीतर पुढच्या कमी गुणांचा दोष तुमच्यावर येईल. तिने हे कुठून उचललं हे सांगायला नको, म्हणून रविवारी वही लिहायला तिलाही शेजारी बसवा. तिचं स्वतंत्र पान, तिच्याही 'का'च्या ओळी.

हे सगळं करूनही 'अ' आणि 'ब' मध्ये टॉवरच वरचढ ठरला, तर तो खुशाल घ्या. आणि त्या टॉवरमध्ये १३०७ आणि १४०७ दोन्ही मोकळे असले, नकाशा तोच, दिशा तीच, तर बिनदिक्कत १४०७ घ्या. बाकी सगळं समसमान असलं की योगायोगाला एक मत द्यायला हरकत नाही. तेराव्यापेक्षा चौदाव्या मजल्याला फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे) किती लागतो, तेवढं मात्र विचारून घ्या.